मावेल तेवढं नाव

सोमनाथने मधल्या भोकात बोट घालून चकती उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरून पाहिली. मग धुतलेल्या बनियनच्या तुकड्याने तो ती मधून कडेकडे पुसू लागला. गोल फिरवून पुसायची नाही, हा नियम त्याने आजवर वस्तीतल्या एकूणएक माणसाला ऐकवला होता आणि एकानेही तो पाळला नव्हता.

“ही तरी घेईल का, आप्पा?” पाठीमागून मोनिकाने विचारलं.

“घेईल म्हंजे? न घेऊन सांगतीया कुणाला?”

याआधीच्या दोन सीड्यांबद्दलही तो असंच म्हणाला होता. पहिली अर्ध्यावर अडली. दुसरी शेवटपर्यंत गेली खरी, पण उघडून बघावं तर आतलं काही वाचताच येईना. दोघी टेबलाच्या कडेला उताण्या पडल्या होत्या. हातातली ही शेवटची. डब्यात आता मधला प्लास्टिकचा खुंट तेवढा उरला होता.

मोनिकाचा प्रबंध लिहून, तपासून, छापून, बांधून झाला होता. मुळशीतल्या शेतांना, ओढ्यांना आणि टेपाडांना लोक कोणत्या नावांनी हाका मारतात आणि ती नावं कुठून आली, हा तिचा विषय. जाड पुठ्ठ्याच्या काळ्या प्रती पिशवीत तयार होत्या. पण विद्यापीठाला त्यांच्याबरोबर सगळा प्रबंध सीडीवरही हवा होता, आणि आज द्यायचा शेवटचा दिवस. मोनिकाच्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायला फटच नाही. पिरंगुटची दुकानं झाली, ती राहत होती त्या मारुंजीतली झाली. एका ठिकाणी काउंटरवरच्या पोराने तिला “सीडी म्हणजे जुनी गाणी का?” असं विचारलं, तेव्हा तिने हात टेकले आणि कासार आंबोलीला बापाला फोन लावला. “आप्पा, तुमचा सीडी रायटर अजून चालतो का?”

“चालतो? पळतोय!” सोमनाथ म्हणाला होता, आणि फोन ठेवल्यावर कंप्युटरवरचं फडकं उचलून तो खरोखरच चालतो का ते बघायला धावला होता.

त्या कंप्युटरची कथा तो कुणालाही सांगे, न विचारता. पिरंगुटच्या कारखान्यात तो मेन्टेनन्सला होता. ऑफिसातले जुने कंप्युटर भंगारात निघाले, तेव्हा साहेबांच्या मागे लागून त्याने एक घरी आणला. त्यावर नेहमीचं विंडोज चालेना. शिकाऊ म्हणून आलेल्या एका इंजिनीअरने लिनक्स टाकून दिलं, अर्धा तास काय ते दाखवलं आणि तो नोकरी सोडून गेला. पुढचं सगळं सोमनाथने धडपडत, बिघडवत आणि पुन्हा बसवत शिकून घेतलं. लिनक्सची भाषा मराठी करता येते हे ज्या दिवशी त्याला सापडलं, त्या दिवशी त्याने अर्धी वस्ती घरात बोलावली होती. “बगा, आपलं कंप्युटर मराठी बोलतंय.” मग जयंतीची मिरवणूक असो, कुणाचं लग्न असो की विहारातली वंदना, सीडी करायची ती सोमनाथने. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि सीडीकडे कुणी ढुंकून बघेना. सोमनाथला ते लागलं होतं.

आणि आज मोनिका, सगळ्या वस्तीत पहिली पीएचडी होणारी त्याची लेक, त्याच्याच दारात आली होती. इतकी वर्षं तिच्या अभ्यासात त्याला बोट घालायला जागा नव्हती. फी भरता आली, एसटी स्टँडवर सोडता आलं, पण आतलं काही कळत नव्हतं. आता मात्र प्रबंधाचं शेवटचं काम त्याच्या हातून व्हायचं होतं, आणि ते दोनदा फसलं होतं. म्हणूनच तो सीडी पुसायला एवढा वेळ लावत होता.

“मोने, चार घास खाऊन घी,” आतून भीमाबाई म्हणाली. “तिकडं साहेबासमोर चक्कर येऊन पडशील.”

“आई, बर्न होऊ दे आधी.”

“काय जळतंय गं?”

“काय न्हाई. जा तू, खा,” सोमनाथ म्हणाला. “तू मागं हुबी ऱ्हायलीस की माझी बोटं चुकत्यात.”

मोनिका आत गेली. सोमनाथने सीडी ट्रेमध्ये ठेवली, ट्रे आत ढकलला आणि वेग अगदी कमी केला. जुन्या चकतीला घाई सोसत नाही, हे त्याला पहिल्या दोघींनी शिकवलं होतं. सगळी प्रकरणं ओळीने आत घेतली. मग सॉफ्टवेअरने विचारलं: डिस्कचे नाव?

सोमनाथ खुर्चीत सावरून बसला. एका बोटाने, प्रत्येक अक्षर कीबोर्डवर शोधून, त्याने लिहायला घेतलं. लिहिताना तो पडद्याकडे कधी बघत नसे, बोटाकडेच बघे. मोनिका सोमनाथ. शेवटचा ‘थ’ दाबून त्याने बोट उचललं आणि पुढचं बटण दाबलं.

हेच नाव का, तर मोनिकाचं आडनावच ते होतं. पहिलीत घालायला नेली तेव्हा गुरुजींनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं होतं, “आडनाव?” सोमनाथला एक आडनाव होतं, सगळ्या वस्तीला होतं. ते सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी हलतं, हे त्याने कारखान्यात, बसमध्ये, चहाच्या टपरीवर पुष्कळदा बघितलेलं. तो म्हणाला, “सोमनाथ लिवा.” गुरुजी म्हणाले, “अहो, ते तुमचं नाव झालं.” “मग? बापाचंच लावत्यात न्हवं?” गुरुजींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. बाहेर आल्यावर पोरीला खांद्यावर घेऊन सोमनाथ तसाच घरापर्यंत चालत आला.

तेव्हा त्याला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. पण पोरगी अकरावीला पुण्यात जाऊ लागली आणि एकदा जेवता जेवता म्हणाली, “आप्पा, सगळे विचारतात, सोमनाथ हे तर वडिलांचं नाव, आडनाव काय? दुसरं काहीतरी लावलं असतं तर...” एवढंच म्हणून ती थांबली. भाजी वाढून घेतली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. त्यानेही नाही. आपण आपल्या हट्टापायी पोरीच्या गळ्यात जन्माचा प्रश्न बांधला की काय, हे तिला विचारायचं धाडस त्याला आजतागायत झालं नव्हतं.

रायटरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. सोमनाथ त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून बघत होता. भाकरी हातात घेऊनच मोनिका बाहेर आली आणि दोघं पडद्यासमोर उभी राहिली. अखेर ट्रे बाहेर आला. सोमनाथने तो पुन्हा आत ढकलला. आता खरी परीक्षा होती. सीडी घरघरली, शांत झाली आणि पडद्यावर तिचं चित्र उमटलं. मोनिकाने पहिलं प्रकरण उघडलं, चौथं उघडलं, शेवटी संदर्भसूची उघडली. सगळं जागच्या जागी होतं.

“झालं, आप्पा! झालं!” तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. हाताचं पीठ सदऱ्याला लागलं.

“मी काय म्हनलो व्हतो?” सोमनाथ म्हणाला, आणि पदराला हात पुसत आलेल्या बायकोकडे त्याने असं बघितलं की जणू प्रबंधही त्यानेच लिहिला होता.

भीमाबाई पडद्याजवळ वाकली. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्यापासून समोर येईल ते मोठ्याने वाचायची तिला सवय होती. दुकानाची पाटी असो की बिस्किटाचा पुडा.

“मो-नि-का,” तिने वाचलं. “सो-म-न. सोमन. अवो, हे कोन सोमन? ते टेकाडावरच्या बंगल्यातलं, शनवारी येत्यात ते?”

सोमनाथने चष्मा वर सरकवला. सीडीच्या चित्राखाली स्पष्ट लिहिलेलं होतं: मोनिका सोमन.

“म्या ‘सोमनाथ’ लिवलं व्हतं,” तो म्हणाला. “पुरं लिवलं व्हतं.”

मोनिका आधी पडद्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला हसू फुटलं. आवरेचना. टेकाडावरचे सोमण पुण्याचे, त्यांच्या अंगणातला पाला भीमाबाई पूर्वी झाडायला जायची. बंगल्याच्या पाटीवर ण होता आणि इथे न, पण कासार आंबोलीत तेवढा फरक कोण करतो?

“जागा संपली, आप्पा,” ती हसू दाबत म्हणाली. “नावाला बत्तीसच घरं असतात. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. आपल्या अक्षराला तीन लागतात. कान्याला वेगळी तीन, वेलांटीला वेगळी तीन.”

“कान्याला तीन?”

“आन् आपन समदी दोन खोल्यांत ऱ्हायलो,” भीमाबाई म्हणाली.

मोनिका पुन्हा हसली. सोमनाथ हसला नाही. पोरीला आडनावाचा जाच नको म्हणून ज्याने आडनावच गाळलं, त्याच्याच कंप्युटरने, त्याच्याच मराठीत, त्याचा ‘नाथ’ छाटून पोरीला नवंकोरं आडनाव दिलं होतं. तेही असं, की जे ऐकून जगात कुणी पुढचा प्रश्न विचारणार नाही.

“दुसरी सीडी न्हाई,” तो म्हणाला.

“राहू द्या हो. वरून मार्करने नाव लिहिते. आतलं कोण बघतंय?”

“व्हय,” सोमनाथ म्हणाला. “कोन बगतंय.”

आणि त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पोरीचं म्हणणं काही चूक नव्हतं. काम झालं होतं, वेळ निघून चालली होती, चित्राखालच्या दोन शब्दांसाठी कोण अडून बसतं? पण ती किती सहज म्हणाली, राहू द्या. इतकी वर्षं जे त्याला विचारता आलं नव्हतं, त्याचं उत्तर न विचारता मिळालं असं त्याला वाटलं. त्याने सीडी बाहेर काढली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि आतल्या खोलीत जाऊन बाहेर जायचा सदरा चढवला. सीडी तिकडच्या कंप्युटरवर उघडली नाही तर सोबत जाणकार माणूस हवा, असं त्याने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. आता ‘येत नाही’ म्हणणं बरं दिसलं नसतं.

मोनिका दारात हेल्मेट घालून उभी होती. पट्टा लावता लावता तिचा हात थांबला.

“आप्पा, डिस्क बंद केलीत का?”

“न्हाई. मी कंदी बंद करत न्हाई. उरलेली जागा वाया कशाला घालवायची.”

“म्हणजे अजून तिच्यावर लिहिता येईल?”

“येतंय की. जुनं तसंच ऱ्हातं, नवं वर चढतं.”

“आणि नवं नाव?”

सोमनाथ सदऱ्याच्या बाहीची गुंडी लावत होता. ती त्याला लागत नव्हती.

“नाव बी चढतं,” तो म्हणाला.

“मग मघाशी बोललात का नाही?”

“तुला उशीर व्हतोय. आन् काय हाय त्यात. काम झाल्याशी मतलब.”

मोनिका त्याच्याकडे बघत राहिली, एवढा वेळ की भीमाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने हेल्मेट काढून खाटेवर ठेवलं, चपला काढल्या आणि कंप्युटरसमोर जाऊन बसली.

“द्या इकडं ती सीडी.”

“आगं, गर्दी लागंल रस्त्याला...”

“लागू दे.”

नुसतं नाव बदलायला सॉफ्टवेअर तयार नव्हतं, सोबत काहीतरी लिहायला हवं होतं. मोनिकाने प्रबंधाचा सारांश पुन्हा एकदा आत टाकला. मग नावाची जागा आली.

“इंग्रजीत लिव,” सोमनाथ मागून म्हणाला. हे म्हणताना त्याला किती जड गेलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. “एका अक्षराला एक घर. पुरं मावंल.”

“प्रबंध मराठीत लिहायचा आणि नाव इंग्रजीत? ज्यांना भेटून लिहिलं ती म्हातारी माणसं हसतील मला.”

ती बोटांवर मोजत होती. मग तिने लिहिलं, भराभर, कीबोर्डकडे न बघता. सोमनाथ वाकून बघू लागला. आधी ‘मो’ आला. त्याच्यापुढे टिंब. मग थोडी जागा सोडून सोमनाथ. कान्यासकट, ‘थ’सकट, पुरा.

“तुजं नाव कुटं हाय?” तो म्हणाला.

“हे काय, मो.”

“मो म्हंजे? कुनाला काय कळनार त्यातनं?”

“कापायचंच आहे तर माझं कापू,” मोनिका म्हणाली. “मला मो पुरतो.” आणि तिने बटण दाबलं.

सोमनाथने आपला चष्मा काढला, बनियनच्या त्या तुकड्याने पुसला, गोल फिरवून, आणि पुन्हा घातला. हिरवा दिवा लुकलुकत होता. भीमाबाई पडद्याशी येऊन उभी राहिली आणि सीडी पुन्हा उघडली तेव्हा तिने मोठ्याने वाचलं, “मो. सोमनाथ,” आणि म्हणाली, “हां. आता आपलं वाटतंय.”

वाटेत भूगावला गाड्यांची रांग लागली होती. सोमनाथ तिच्या स्कूटरवर मागे बसून सीडीची पिशवी पोटाशी धरून होता. प्रतींची जड पिशवी पुढे मोनिकाच्या पायाशी, पण त्या पिशवीची त्याला फिकीर नव्हती.

खिडकीतल्या बाईंनी प्रती घेतल्या, शिक्के बघितले आणि सीडी कंप्युटरमध्ये घातली. सोमनाथ गजांना नाक लावून उभा राहिला. सीडी तिकडे घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली.

“उघडली,” बाई म्हणाल्या. “मो. सोमनाथ. पूर्ण नाव काय?”

“मोनिका सोमनाथ.”

“सोमनाथ हे वडिलांचं ना? आडनाव सांगा.”

“सोमनाथच आडनाव आहे,” मोनिका म्हणाली. ती पावती भरत होती, तिने मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, स्पष्टीकरण नव्हतं. पत्ता विचारल्यावर पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. बाईंनीही मान हलवून तसंच नोंदवलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

सोमनाथने हे नाव शाळेच्या फॉर्मवर लिहवून घेतलं होतं तेव्हा त्याला गुरुजींशी वाद घालावा लागला होता. पोरीने ते इतक्या सरळ सांगितलेलं तो पहिल्यांदाच ऐकत होता. तिने आजवर किती खिडक्यांवर, किती वेळा सांगितलं असेल, म्हणजे ते असं सवयीचं झालं असेल, असा विचार करत तो तिच्यामागून व्हरांड्यात आला.

तेवढ्यात जिन्याकडून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, “काय सोमनाथ! दिला का एकदाचा?”

इथे आपल्याला ओळखणारं कोण, असा प्रश्न पडायच्या आतच सोमनाथची पाठ सरळ झाली. इतकी वर्षं साहेबाच्या हाकेला ओ दिलेली. तो गर्रकन वळला आणि म्हणाला, “जी साहेब, दिला!”

जिन्यावर झोळीवाले, पिकल्या दाढीचे एक प्राध्यापक उभे होते. ते सोमनाथकडे बघून गोंधळले. त्यांनी हाक मारली होती ती त्याच्या मागे उभ्या असलेल्या मोनिकाला. मोनिका म्हणाली, “दिला सर, आत्ताच,” आणि बाजूने जाणाऱ्या दोन मुलींपैकी एक थबकून म्हणाली, “सोमनाथ मॅडम, अभिनंदन! चहा तुमच्याकडे हां!”

सोमनाथ एकाकडून दुसरीकडे बघत राहिला. म्हणजे इथे रोज, या व्हरांड्यात, वर्गात, चहाच्या टेबलावर, त्याच्या नावाने हाका जात होत्या आणि त्याची लेक त्यांना ओ देत होती. त्याला याचा पत्ताच नव्हता. त्याला एकदम हसू आलं, आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही लपवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

प्राध्यापक दोन पायऱ्या उतरून खाली आले. “माफ करा,” ते त्याला म्हणाले, “आपण?”

“मी सोमनाथ,” सोमनाथ म्हणाला. या खेपेला साहेब नाही आणि जी नाही. त्याने मोनिकाच्या खांद्यावर हात ठेवला. “आन् ही बी.”